पहाटे पाचला, रस्त्यावर कुणी नसताना

(एप्रिल २०२०. कोरोनाच्या टाळेबंदीतलं हे पत्र आणि त्याचं उत्तर; यातले नियम तेव्हाचे.)

ताई, नमस्कार.

मी ५८ वर्षांचा, पुण्यात कोथरूडला राहतो. पाच वर्षांपूर्वी साखर निघाली. तीन महिन्यांची सरासरी (एचबीए१सी) ९.१ टक्के. डॉक्टर म्हणाले, आता इन्सुलिन फार लांब नाही. त्या आठवड्यात मुलाची पडून असलेली गिअरची सायकल पुसून बाहेर काढली. तेव्हापासून आठवड्याचे पाच दिवस वारजे, एनडीए, खडकवासला आणि परत, असे ३० किलोमीटर. सरासरी आता ६.४ आहे, एक गोळी सुटली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या साखरेच्या गोळ्या चालू आहेत.

२२ मार्चपासून सायकल बंद ठेवली. पंधरा दिवसांत उपाशीपोटीची साखर ११२ वरून १५० वर गेली. झोप उडाली, घरच्यांवर विनाकारण ओरडायला लागलो. म्हणून गेले दहा दिवस पहाटे पाचला निघतो आणि चांदणी चौक, बावधन, पाषाण करून नाकाबंदीवर माणसं यायच्या आत घरात. रस्त्यावर चिटपाखरू नसतं. मास्क असतो, कुणाशी बोलत नाही, कुठे थांबत नाही. बायकोला हे मान्य नाही. घरात माझी ८२ वर्षांची आई आहे, तिला काही झालं तर, असं ती म्हणते. मुलगा इंग्लंडमध्ये लीड्सला आहे. तो म्हणतो, बाबा, इथे सरकारच रोज एकदा सायकल चालवायला परवानगी देतंय. मग माझं चुकतंय कुठे? चालू ठेवू की बंद करू?

ता. क. बंदच करायची असेल तर उभ्या सायकलचं काय करायचं तेही सांगा. टायर बसतील अशी भीती वाटते.

– एक वाचक, कोथरूड

दादा,

बंद करा. उद्या पहाटेपासूनच. हे आधी लिहून टाकते, कारण पुढे मी तुमच्या बाजूनेही बरंच बोलणार आहे आणि त्यात हे हरवायला नको.

मी स्वतः अठरा वर्षं सायकल चालवते. २२ मार्चच्या जनता कर्फ्यूला सायकल गॅलरीत टांगली ती अजून तिथेच आहे. रोज सकाळी तिच्याकडे बघून कसं वाटतं हे मला कुणी समजावून सांगायला नको. त्यामुळे तुम्ही बेजबाबदार आहात असं मी म्हणणार नाही. साखर ९.१ वरून ६.४ वर आणायला पाच वर्षं पहाटे उठावं लागतं. तुम्ही ती उठलात.

वहिनींच्या भीतीबद्दल आधी बोलू. तुम्ही एकटे, मोकळ्या हवेत, कुणाच्या जवळ न जाता सायकल चालवताय. त्यातून विषाणू घरी येण्याची शक्यता फार कमी आहे. जिन्यातल्या कठड्याला, दुधाच्या पिशवीला, किराण्याच्या रांगेला मी जास्त घाबरेन. सध्या व्हॉट्सअ‍ॅपवर एक चित्र फिरतंय: पुढे पळणारा माणूस, मागे पळणारा माणूस आणि मधे रंगीत ठिपक्यांचा ढग. वेगात सायकल चालवणाऱ्याच्या मागे २० मीटर अंतर ठेवा, असं त्याखाली लिहिलेलं असतं. ते बेल्जियम आणि नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी संगणकावर केलेलं हवेच्या प्रवाहाचं गणित आहे. त्या ठिपक्यांतून प्रत्यक्षात कुणाला लागण होते का, हे त्यात तपासलेलंच नाही. कुणाच्या मागोमाग चालवायची नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा. तुमच्या मागेपुढे तर कुणीच नसतं.

म्हणजे वहिनींचं कारण तितकं पक्कं नाही. पण त्यांचा निष्कर्ष बरोबर आहे. माझी कारणं दुसरी आहेत.

सहा वर्षांपूर्वी ऑक्टोबरात मी बोपदेव घाट उतरत होते. पहाटेचे सहा, रस्ता मोकळा, मागेपुढे कुणी नाही, अगदी तुम्ही वर्णन करता तसंच. एका वळणावर कुणाच्या तरी डंपरमधून सांडलेली बारीक खडी होती. पुढचं चाक सरकलं. पडतानाचं काही आठवत नाही. आठवतो तो नंतरचा आवाज, आडव्या पडलेल्या सायकलचं मागचं चाक फिरत होतं त्याची टिकटिक. डावा हात उचलायला गेले आणि कॉलर बोन मोडल्याचं कळलं. वीसेक मिनिटांनी सासवडकडून सीताफळांचा टेंपो आला. ड्रायव्हर, त्याचा क्लीनर आणि मागून मोटारसायकलवर आलेला एक जण, अशा तिघांनी मला उचलून क्रेट सरकवून मागे बसवलं. पुढे दवाखान्याच्या दारातला वॉर्डबॉय, केसपेपर काढणारी मुलगी, तरुण डॉक्टर, एक्स-रे काढणारा, दोन सिस्टर, हाडांचे डॉक्टर आणि धावत आलेला माझा भाऊ. नंतर पलंगावर पडल्या पडल्या मी मोजलं होतं. त्या सकाळी अकरा माणसांचे हात मला लागले.

आज, एप्रिल २०२० मध्ये, ती अकरा माणसं कुठून आणायची? टेंपोवाल्याने थांबावं का, हा त्याच्यापुढचा खराच प्रश्न असेल. कॅज्युअल्टीतल्या सिस्टरला तुम्ही कोण, कुठून आलात, खोकला आहे का, हे विचारून अंगावर किट चढवावा लागेल. तुमच्या वयाचा, साखर असलेला माणूस फ्रॅक्चर घेऊन रुग्णालयात जाऊन बसला, तर पहाटेच्या रस्त्यावर नसलेला धोका तिथे नक्की आहे. आणि तो धोका तिथून आईंपर्यंत घरी येतो. वहिनींना नेमकी हीच भीती वाटत असेल, फक्त त्यांनी ती रस्त्याच्या नावावर सांगितली.

तुम्ही म्हणाल, पाच वर्षांत कधी पडलो नाही. पण पाच वर्षं तुम्ही असे चालवत नव्हता. नाकाबंदी लागायच्या आत पोचायचं म्हणून वेग जास्त असणार. अंधार आहे. खरं सांगा, पुढचा लाइट लावता का? की लांबून दिसू नये म्हणून बंद ठेवता? हा प्रश्न मी अंदाजाने विचारत नाही. गेल्या पंधरा दिवसांत असं करणारे दोन जण मला भेटलेत, दोघेही एरवी हेल्मेटशिवाय गल्लीतसुद्धा जात नाहीत. त्यात कुत्री. हॉटेलं, चहाच्या टपऱ्या बंद झाल्यापासून त्यांना खायला मिळत नाही. पहाटे टोळ्या करून ती रस्त्याच्या मधे बसतात, हलत्या चाकामागे लागतात. त्यात ग्लिमेपिराइडसारखी, साखर फार खाली नेऊ शकणारी गोळी घेणारा माणूस उपाशीपोटी, मास्क लावून, घाईत चांदणी चौकाचा चढ चढतोय. साखर एकदम उतरली आणि हात थरथरायला लागले, तर बिस्किटाचा पुडा घ्यायला एक टपरी उघडी नाही आणि हात दाखवायला एक माणूस नाही. चिटपाखरू नसतं, असं तुम्ही जमेच्या बाजूला लिहिलंय. मला त्याचीच धास्ती वाटते.

आता नियमाबद्दल. नियम स्पष्ट आहे. जीवनावश्यक कामाशिवाय बाहेर पडायचं नाही, आणि सकाळचा व्यायाम त्या यादीत नाही. फिरायला निघालेल्या लोकांवर सरकारी आदेश मोडल्याच्या कलम १८८ खाली गुन्हे नोंदवले जातायत. १८९७ साली प्लेगच्या दिवसांत केलेला साथरोगांचा कायदा राज्यात पुन्हा लागू केलाय. हा नियम मला सरसकट पटत नाही. एकट्याने, घराजवळ, ठरावीक वेळेत चालायला, पळायला, सायकलला मुभा द्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. साखर, रक्तदाब असलेल्या हजारो माणसांना महिनाभर खोलीत बसवून ठेवण्याचीही किंमत आहे, आणि ती कुणीतरी मोजायला हवी. असं पत्र मी पालिका आयुक्तांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना पाठवलंय. तुम्हीही पाठवा, तुमच्या साखरेच्या आकड्यांसकट पाठवा. त्यांच्यापुढे असे आकडे यायला हवेत. पण पत्र पाठवणं ही एक गोष्ट आणि अंधारात निसटणं ही दुसरी.

दादा, तुमच्या सोसायटीचं गेट पहाटे पाचला कोण उघडतं? वॉचमनच ना? आमच्याकडचा वॉचमन लातूर जिल्ह्यातला आहे. त्याची बायको आणि लहान मुलगी गावाला, हा इथे पार्किंगच्या खोलीत, २२ मार्चपासून. एसटी बंद, गाव लांब, आणि निघालाच तर जिल्ह्याच्या हद्दीवर अडवतात. आमच्याकडे कामाला येणाऱ्या मावशी दांडेकर पुलाजवळ राहतात. त्यांच्या वस्तीच्या तोंडाला बांबू बांधलेत. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसं, संडास सार्वजनिक. यांनी पाळायचं आणि आपण ‘मी काही कुणाला त्रास देत नाही’ म्हणून सूट घ्यायची, हे मला जमत नाही. वॉचमन तुम्हाला काही बोलणार नाही. तो गेट उघडेल, साहेब म्हणेल, पुन्हा लावून घेईल. पण तो बघतोय. चौथ्या मजल्यावरचा मुलगाही बघतोय आणि येत्या सोमवारी तो दोन मित्रांना घेऊन निघेल.

लीड्सच्या मुलाचं म्हणणं तिथल्यापुरतं खरं आहे. इंग्लंडमध्ये २३ मार्चला बंधनं आली तेव्हाच दिवसातून एकदा व्यायामाची मुभा दिली गेली. चाला, पळा, सायकल चालवा, एकट्याने किंवा घरच्यांबरोबर. पण खाडी ओलांडून फ्रान्सला गेलं की चित्र बदलतं. घरापासून एक किलोमीटर, एक तास, तेही फॉर्म भरून, आणि हौसेची सायकल बंद. स्पेनमध्ये तर मोठ्या माणसांना व्यायामासाठी बाहेर पडायलाच बंदी आहे. पोटापाण्यासाठी सायकल चालवणारे तिथले व्यावसायिक रायडरसुद्धा घरात ट्रेनरवर, म्हणजे सायकल जागच्या जागी चालवायच्या स्टँडवर चालवतायत. टूर द फ्रान्स २७ जूनला निघायची, ती आता २९ ऑगस्टवर गेलीय. २०१८ साली ती जिंकलेला गेरेंट थॉमस गेल्या आठवड्यात घराच्या गॅरेजात ट्रेनरवर बसला आणि तीन दिवस रोज बारा बारा तास त्याने पायडल मारलं. तिथल्या सरकारी रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांची पाळी असते तेवढं, आणि त्यांच्याच मदतनिधीसाठी. प्रत्येक देशाने रेघ वेगळ्या ठिकाणी मारलीय. मुलाने तिथली पाळावी, आपण इथली.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. व्यायाम म्हणून सायकल बंद आहे, वाहन म्हणून नाही. पीएमपी, म्हणजे शहराची बस, फक्त अत्यावश्यक सेवेतल्या लोकांसाठी चालू आहे. सफाई कामगार, आया, मावश्या, कितीतरी जण रोज सायकलीने कामावर जातायत. तुमचा भाग सील केलेला नसेल तर औषधं, भाजी, किराणा आणायला तुम्हीही सायकल काढू शकता. जवळचं दुकान, उजेडात, मास्क लावून, पिशवी हँडलला न अडकवता कॅरिअरला किंवा पाठीवर. आठवड्यातून दोनदा असं जाणं होईल. पण तिथेही मनाला फसवू नका. दूध आणायला बावधनला जायचं नाही. इमारतीत एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची औषधं आणून देता आली तर द्या, तेवढाच सायकलला हात लागेल.

आता साखर. पत्रातली ही गोष्ट सगळ्यात महत्त्वाची.

आधी तुमच्या डॉक्टरांना फोन करा. दवाखाना बंद असला तरी बहुतेक डॉक्टर फोनवर बोलतायत. पंधरा दिवसांचे आकडे त्यांना वाचून दाखवा आणि गोळ्यांचं काय करायचं ते विचारा. व्यायाम एकदम थांबला की डोस बदलावा लागू शकतो, आणि पुन्हा सुरू झाला की परत खाली आणावा लागतो. ते आपल्या मनाने करायचं नाही, ग्लिमेपिराइडच्या बाबतीत तर मुळीच नाही. उपाशीपोटी १५० म्हणजे आभाळ कोसळलेलं नाही, पण ती तशी राहू द्यायचीही नाही. आणि झोप उडाली तरी साखर चढते, काळजीनेही चढते. सगळा दोष सायकल थांबल्याचा नसेल.

सायकलने तुमची साखर उतरत होती ती खडकवासल्याच्या हवेने नव्हे. मांडीचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू काम करायला लागले की ते रक्तातली साखर ओढून घेतात, त्यासाठी त्यांना इन्सुलिनची वाटही बघावी लागत नाही. आणि त्याचा परिणाम पुढे एखादा दिवस टिकतो. म्हणून व्यायाम रोजच्या रोज, निदान एक दिवसाआड हवा. हेच स्नायू घरात कसे वापरायचे तेवढं बघायचं.

तिन्ही जेवणांनंतर, म्हणजे नाश्ता, दुपार आणि रात्र, १५ मिनिटं चालायचं. घरात, गॅलरीत, पॅसेजमध्ये. ताटावरून उठल्यावर दहा-पंधरा मिनिटांतच, टीव्हीपुढे टेकायच्या आधी. जेवणानंतर चढणारी साखर यानेच धरली जाते. साधं वाटतं म्हणून सोडून देऊ नका. दिवसाला पाऊण तास होतो. आईंना हाताला धरून त्यातल्या पाच फेऱ्या त्यांच्याबरोबर घाला. ८२ व्या वर्षी महिनाभर बसून राहिलेल्या माणसाचे गुडघे पुन्हा उठत नाहीत. तुमच्या साखरेइतकीच मला त्यांच्या पायांची काळजी वाटते.

सकाळी जिना. इमारत चार मजल्यांची असेल तर तळापासून गच्चीपर्यंत चढायचं, सावकाश उतरायचं, दोन मिनिटं थांबायचं. पहिल्या आठवड्यात तीन वेळा, मग पाच, मग आठ. चढताना धाप लागली पाहिजे, पण वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. गुडघ्यांना त्रास चढताना कमी, उतरताना जास्त होतो, म्हणून उतरताना घाई नको. गरज वाटली तर कठडा जरूर धरा, वर गेल्यावर हात साबणाने धुवा. छातीत दडपण आलं, घाम फुटला, तर तिथेच बसा आणि हाक मारा. आणि एक दिवसाआड खुर्चीवरून हात न टेकता उठायचं-बसायचं, दहाचे तीन फेरे. तुमच्या मांड्या सायकलने तयार आहेत, तुम्हाला हे सोपं जाईल. मग पाठीला दप्तर लावून त्यात पाच किलो तांदूळ भरा.

ट्रेनर असेल तर उत्तम. सध्या ऑनलाइन फक्त जीवनावश्यक वस्तू मिळतायत, त्यामुळे नवा येणार नाही. पण तुमच्या ग्रुपमधल्या कुणाकडे पडून असेल तर विचारून बघा, आणायची सोय बाहेर फिरायचा पास असलेल्या माणसाकडून होत असेल तरच. चाक विटांवर टेकवून घरगुती ट्रेनर करायच्या भानगडीत पडू नका. ट्रेनरवर बसाल तेव्हा समोर पंखा हवाच. बाहेर वारा अंग गार ठेवतो, खोलीत एप्रिलच्या उकाड्यात वीस मिनिटांत जीव घाबरा होतो. खाली जुनी सतरंजी चौघडी करून घाला, नाहीतर खालच्या मजल्यावर घरघर पोचते. हँडलवर पंचा टाका, घामाने हेडसेटचे, म्हणजे हँडल फिरतं त्या सांध्यातले बेअरिंग गंजतात.

आणि चिडचिड. तुम्ही ती एका ओळीत उरकलीत, पण मला वाटतं तुम्हाला पहाटे पाचला बाहेर काढणारी तीच आहे. त्या दीड तासात तुम्ही कुणाचे वडील नसता, नवरा नसता, मुलगा नसता. आता चोवीस तास घरात माणसं, टीव्हीवर आकडे, आणि तो दीड तास गेला. तर पाच वाजता उठणं सोडू नका. गजर तसाच राहू द्या. सोसायटीने गच्ची उघडी ठेवली असेल तर वर जा, नसेल तर गॅलरीत खुर्ची टाकून बसा. चहा स्वतः करून घ्या, फोन आत ठेवा. घरच्यांना सांगून ठेवा की साडेसहापर्यंत मला कुणी हाक मारू नका. वहिनींनाही दिवसातला असा एक तास द्या. त्यांनी कुठे जायचं हा प्रश्न कुणी विचारलेला नसेल.

आता ता. क. सायकल ओल्या फडक्याने पुसून कोरडी करा. चेन रॉकेलच्या फडक्याने साफ करा, काळं यायचं थांबलं की कोरडी पुसा, मग प्रत्येक कडीवर एक थेंब तेल, पायडल उलटं फिरवून जिरवा आणि वरचं पुसून टाका. गिअर मागे सगळ्यात लहान चकतीवर आणून ठेवा, केबलवरचा ताण जातो. लाइटमधले सेल काढा, नाहीतर ते पाझरतात. टायर बसतात ते हवा गेल्यावर एकाच जागी उभे राहिल्याने. म्हणून दर रविवारी हवा भरा आणि चाकं पाव फेरा फिरवून ठेवा. जमलं तर टांगाच. गच्चीवर उन्हात मात्र ठेवू नका, रबराला भेगा पडतात.

टाळेबंदीची सध्याची मुदत ३ मेची आहे. पुढे काय ठरेल ते ठरेल. जेव्हा मोकळीक मिळेल तेव्हा पहिल्याच दिवशी खडकवासला गाठायचं नाही. निघायच्या आधी साखर तपासा. खिशात खडीसाखर ठेवा. १० किलोमीटर, सपाट रस्ता, लाइट लावून. चांदणी चौकाचा चढ दुसऱ्या आठवड्यात. आणि घरी आल्यावर पुन्हा साखर तपासून दोन्ही आकडे मला कळवा.